३ कोटी ८८ लाख येनचं नवं घर: किता-कोशिगायाचं एक प्रकरण

विक्रीपत्रक एकाच पानाचं आहे. वर ठसठशीत लाल आकड्यात किंमत: ३ कोटी ८८ लाख येन, करासह. त्याखाली लख्ख उन्हात काढलेला पांढऱ्या-राखाडी दुमजली घराचा फोटो आणि शेजारी ठळक ओळी: नवीन बांधकाम, ४एलडीके (चार खोल्या, शिवाय स्वयंपाक-जेवण-बैठकीची एक जागा), दक्षिणेला रस्ता, दोन गाड्यांची जागा, तोबू स्कायट्री लाइनवरच्या किता-कोशिगाया स्टेशनपासून चालत १७ मिनिटं. उरलेलं सगळं तळाशी, चष्मा लावून वाचावं लागेल अशा टायपात. जमीन ११०.२५ चौरस मीटर, बांधकाम ९६.०५ चौरस मीटर, जमिनीवरचं आच्छादन ६० टक्के, एफएसआय २०० टक्के, समोरचा रस्ता ३.६ मीटर, सेटबॅक आहे, पाणी आणि गटार नगरपालिकेचं, गॅस सिलिंडरचा, व्यवहाराचं स्वरूप मध्यस्थी, म्हणजे दलालामार्फत. बहुतेक लोक वरचा भाग बघून घर बघायला जातात आणि तळाचा भाग करार करायच्या दिवशी वाचतात. माझं मत उलट आहे, आणि का ते या एका घरावरून मांडतो.

हे घर एका पत्त्यावरचं नाही. तोक्योच्या उत्तरेला लागून असलेल्या सैतामा प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात अशी घरं सतत उभी राहतात. त्यांच्या पत्रकांत जे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात, ते घेऊन हा नमुना बांधला आहे. घेणारं कुटुंबही तसंच. तोक्योतल्या मराठी आयटीवाल्यांच्या चार घरांत जे बोललं जातं, ते एका घरात आणलंय. कायदे, कर आणि पुराचे नकाशे मात्र जसे आहेत तसेच.

नाशिककडचं जोडपं, मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. राहायला तोक्योतल्या निशिकासाईत, एदोगावा प्रभागात. तोझाई मेट्रो लाइनवरून ऑफिसचा भाग जवळ, यूआर या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही आणि परत न मिळणारी 'भेट रक्कम'ही घरमालकाला द्यावी लागत नाही, म्हणून भारतीयांनी तिथे आधीपासून बस्तान बसवलं. किराणा, डाळी, गणपती, भारतीय अभ्यासक्रमाची शाळा, सगळं हाताशी. पण भाडं महिना १ लाख ७० हजार येन आणि तीन खोल्यांत चार माणसं. उन्हाळ्यात बाबा-आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आले की सहा. शिवाय एदोगावाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये प्रभागाने पुराचा जो नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर सरळ लिहिलं होतं की इथे थांबू नका. स्वतःच्याच रहिवाशांना असं सांगणारं प्रशासन मला आवडतं, पण तिथे ३५ वर्षांचं कर्ज काढावं का, हा प्रश्न त्यातून आपसूक येतो.

दोघांकडे कायम निवासाचा परवाना आहे. जपानमध्ये परदेशी माणसाला जमीन पूर्ण मालकीने घेता येते, त्यासाठी हा परवाना लागत नाही. बँकेला तो लागतो. नसेल तर बरीच दारं बंद होतात, आणि जी उघडतात ती पदरचे पैसे जास्त मागतात.

जमीन कुठून आली

या घराला सख्खी भावंडं आहेत. पत्रकावर बारीक अक्षरात 'एकूण ४ घरं' असं लिहिलंय. आधी इथे एकच जुनं घर होतं, पुढे अंगण, मागे भाजीचे वाफे. घरातला शेवटचा म्हातारा गेला आणि मुलांनी ते बिल्डरला विकलं. जपानचा वारसाकर २०१५ पासून कडक झाला. करमुक्त मर्यादा आता ३ कोटी येन अधिक प्रत्येक वारसामागे ६० लाख एवढीच आहे, आणि कर मृत्यूनंतर दहा महिन्यांत भरायचा, तोही साधारणपणे रोखीने. मुलं तोक्योत फ्लॅटमध्ये स्थिरावलेली, गावच्या घरात कोणी राहणार नाही. मग बिल्डर घेतो, पाडतो, तुकडे करतो.

तुकडे कसे करतो ते बघण्यासारखं आहे. चारही भूखंडांची बेरीज ४७४ चौरस मीटरच्या आसपास येते. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. राजधानीच्या परिसरात शहरी हद्दीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन विकसित करायची तर वेगळी परवानगी लागते, आणि त्यापाठोपाठ रस्ता, निचरा अशा अटी येतात. म्हणून बिल्डर ५०० च्या आत राहतो. रस्त्याची बाजू १९ मीटर. दोन टोकांना ७-७ मीटर रुंदीचे दोन भूखंड, मधे अडीच-अडीच मीटरच्या दोन पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या शेवटी मागे दोन भूखंड. मागच्या भूखंडाचा आकार काठीला लावलेल्या झेंड्यासारखा होतो. जपानी दलाल त्याला झेंडा-भूखंडच म्हणतात.

आपलं जोडपं पहिल्या दिवशी मागच्या घराच्या प्रेमात पडलं. क्रमांक ३, किंमत ३ कोटी ४८ लाख, म्हणजे पुढच्यापेक्षा ४० लाखांनी स्वस्त, आणि जमीन कागदावर १२६.८ चौरस मीटर, म्हणजे पुढच्यापेक्षा जास्त! पण त्यातले ३९ चौरस मीटर ही नुसती काठी आहे. तिच्यावर गाडी लागते, घर बांधता येत नाही. उरले ८७. पुढच्या दोन घरांनी दक्षिणेचं ऊन अडवलंय. शिवाय आणखी वीस वर्षांनी ही जमीन विकायला काढली, तर घेणारा अडीच मीटरच्या बोळातून काँक्रीटचा ट्रक कसा जाणार हे आधी विचारील. कायद्याला भूखंडाचा निदान २ मीटर भाग रस्त्याला लागलेला हवा, तो लागलाय. कायद्याचं समाधान झालं, बाजाराचं होत नाही. स्वस्ताई आहे ती या कारणाने आहे. विकताना ती तशीच पुढच्याला द्यावी लागते.

म्हणून क्रमांक १ चं घर.

रस्ता ३.६ मीटर

जपानच्या बांधकाम कायद्यात भूखंडाने ज्या रस्त्याला टेकायचं, तो ४ मीटर रुंद हवा. जुन्या वस्त्यांत तो नसतो. अशा रस्त्याच्या मध्यरेषेपासून २ मीटर सोडून बांधायचं, असा तोडगा कायद्यानेच काढलाय. रस्ता ३.६, म्हणजे आपल्या बाजूने २० सेंटिमीटर मागे. पत्रकातला 'सेटबॅक' तो हाच. ७ मीटर रुंदीला १.४ चौरस मीटर जमीन आपली असून आपली नाही; त्यावर भिंत नाही, कुंडीही नाही. इथे ती किरकोळ आहे, पण त्याच भागातल्या एखाद्या ३ मीटरच्या गल्लीत ती साडेतीन चौरस मीटर होते.

एफएसआयचा आकडाही असाच फसवा. पत्रकावर २०० टक्के लिहिलंय, कारण त्या विभागाची मर्यादा २०० आहे. पण समोरचा रस्ता १२ मीटरपेक्षा अरुंद असला, तर निवासी भागात रस्त्याच्या रुंदीला ०.४ ने गुणायचं: सेटबॅक धरून रस्ता ४ मीटरचा, म्हणून ४ गुणिले ०.४, म्हणजे १.६, अर्थात १६० टक्के. पुढेमागे तिसरा मजला चढवू, असं मनात असेल तर या १६० वर हिशोब करायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला एफएसआय म्हटलं की कान टवकारतात. इथे तो फारसा कामी येत नाही, कारण लाकडी दुमजली घरावर मजला चढवण्यापेक्षा पाडून नवं बांधणं सोपं पडतं.

रस्ता सरकारी आहे की खासगी, हे नक्की विचारायचं. खासगी असेल तर त्यातला हिस्सा करारात आलाय का, आणि पाण्याचा पाइप खोदायला बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती आहे का. इथे तो नगरपालिकेचा निघाला, प्रश्न मिटला.

चालत १७ मिनिटं याचा अर्थ १,३६० मीटरपर्यंत. जाहिरातीच्या नियमात ८० मीटरला एक मिनिट धरतात. सिग्नल, फाटक, कडेवरचं पोर यांना वेळ नाही. किता-कोशिगायाची जमेची बाजू वेगळीच. तोक्योतल्या किता-सेंजूपासून इथपर्यंत चार रुळ आहेत, आणि हिबिया मेट्रो लाइनच्या बऱ्याच गाड्या इथून सुटतात. सुरुवातीच्या स्टेशनवर रांगेत उभं राहिलं की बसायला मिळतं. कायाबाचोला गाडी बदलून निशिकासाई गाठायला तासाच्या वर वेळ लागतो, पण त्यातली पाऊण वाट बसून. रोज लोकलने डोंबिवलीहून लटकत गेलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

पाणी

कोशिगाया शहर नाकागावा नदीच्या सखल पट्ट्यात आहे. मोतोअराकावा नदी शहरातून वळणं घेत जाते, काठाला चेरीची झाडं आहेत, वसंतात फोटो सुंदर येतात. २०२३ च्या जूनमध्ये वादळी पावसात याच शहरात घरांत पाणी शिरलं. तेव्हा कुठला मोठा बांध फुटला नव्हता. पावसाचं पाणी गटारांना आणि छोट्या ओढ्यांना झेपलं नाही, एवढंच.

म्हणून नकाशे दोन बघायचे. एक मोठ्या नद्यांचा: तोने किंवा अराकावाचा बांध फुटला तर काय. दुसरा आतल्या पाण्याचा: निचरा तुंबला तर काय. आपल्या भूखंडावर पहिल्या नकाशात ०.५ ते ३ मीटरचा रंग आहे. हा पट्टा फार रुंद आहे. त्यात गुडघाभर पाणीही बसतं आणि तळमजला छतापर्यंत बुडणंही. दुसऱ्या नकाशात भूखंड कोरा, पण दोन गल्ल्या पलीकडे रंग सुरू होतो. २०२० च्या ऑगस्टपासून घर विकणाऱ्या दलालाने किंवा बिल्डरने करारापूर्वी नकाशावर घराची जागा दाखवून सांगणं सक्तीचं आहे. सांगतात ते नदीच्या नकाशाबद्दल आणि आतल्या पाण्याच्याही, पण आवाज एकसुरी असतो, आणि तोवर माणूस पडद्यांचे रंग ठरवून बसलेला असतो. नकाशा आधी घरी बसून बघावा, फुकट मिळतो.

इथून उत्तरेला कासुकाबेत जमिनीखाली सुमारे ५० मीटरवर ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. आसपासच्या छोट्या नद्या फुगल्या की त्यांचं पाणी त्यात उतरतं आणि पंपांनी एदो नदीत सोडलं जातं. २००६ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या टोकाचं कुंड १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, आणि आत ५९ खांब. लोक तिकीट काढून बघायला जातात. या भागातलं प्रत्येक घर एका अर्थी त्या पंपांच्या भरवशावर आहे. विक्रीचा माणूस बोगद्याबद्दल अभिमानाने सांगतो. मी तो अभिमान थोडा उलटा वाचतो: एवढा खर्च कोणी उगाच करत नाही.

जमिनीबद्दलही एक गोष्ट. २०११ च्या भूकंपात किनाऱ्यावरच्या उरायासुत वाळू द्रवासारखी वाहिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण समुद्रापासून लांब, याच सैतामातल्या कुकी शहराच्या मिनामी-कुरिहाशीतही तसंच झालं. म्हणून भूखंडाचा जुना हवाई फोटो बघावा. सरकारी भूमापन संस्थेच्या संकेतस्थळावर युद्धानंतरचे फोटो मिळतात. आपल्या भूखंडाच्या जागी भातखाचरं दिसतात. त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही, इथे सगळीकडे भातखाचरंच होती. बिल्डरने माती तपासली, मऊ निघाली, आणि सिमेंट मिसळलेले मातीचे खांब खाली उतरवून त्यावर पाया घातला. अहवाल मागितल्यावर दिला. न मागता तो कुणी देत नाही.

घर

आता घराकडे. ५.४६ मीटर रुंद, ९.१ मीटर खोल. जपानी लाकडी घरं ९१ सेंटिमीटरच्या पटीत चालतात, त्यामुळे आराखडा बघून नुसते चौकोन मोजले तरी माप कळतं. ७ मीटरच्या भूखंडात ५.४६ चं घर बसवलं की दोन्ही बाजूंना ७७ सेंटिमीटर उरतात. दिवाणी कायदा हद्दीपासून ५० सेंटिमीटर मागतो. त्या ७७ मध्ये एसीचं बाहेरचं यंत्र, गॅसचा गिझर आणि पावसाचा पाइप. बाजूची खिडकी उघडली तर समोर शेजाऱ्याची खिडकी.

तळमजल्यावर १६ 'जो'चा (एक जो म्हणजे एका जपानी चटईएवढी जागा) एलडीके, म्हणजे स्वयंपाकघर, जेवण, बैठक मिळून सुमारे २८० चौरस फूट. लागून साडेचार जोची तातामी, म्हणजे गवती चटयांची, खोली, साधारण ७८ चौरस फूट. बाबांना गुडघ्यांचा त्रास, जिना नको, म्हणून ही खोली त्यांची. बायकोचं म्हणणं, देवघर पण तिथेच. वर तीन बेडरूम. मागच्या क्रमांक ३ मध्ये असाच आराखडा '३एलडीके अधिक एस' (एस म्हणजे साठवणीची जागा) म्हणून विकला जातोय, कारण तिथली एक खोली उजेडाच्या निकषात बसत नाही आणि तिला कायद्याने खोली म्हणता येत नाही.

भूकंपाबद्दल पत्रकात लिहिलंय: प्रतिकार श्रेणी ३. कायद्याने किमान जी ताकद हवी तिच्या दीडपट, असा या श्रेणीचा अर्थ. २०१६ मध्ये कुमामोतोला २८ तासांत दोनदा जपानी मोजपट्टीवरचा सर्वोच्च, ७ तीव्रतेचा धक्का बसला. सर्वाधिक हानी झालेल्या माशिकी गावातल्या पाहणीत श्रेणी ३ ची १६ घरं होती, त्यांतल्या १४ घरांना काही झालं नाही, दोन घरांचं किरकोळ नुकसान झालं. तेव्हा ही श्रेणी घ्यावीच. फक्त 'श्रेणी ३' आणि 'श्रेणी ३ च्या तोडीचं' यांत फरक आहे. पहिल्याला तटस्थ संस्थेचा मूल्यमापन दाखला असतो, दुसरं बिल्डरचं म्हणणं. दाखला असेल तर भूकंप विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. नुसत्या म्हणण्यावर मिळत नाही. इथे दाखला होता.

तपासणीला स्वतंत्र माणूस बोलावला. पन्नास-साठ हजार येन घेतो, दोन-अडीच तास लावतो. स्वयंपाकघराच्या जमिनीत सामान ठेवायचा जो प्लास्टिकचा खण असतो तो त्याने उचलून बाजूला ठेवला, डोक्याला दिवा लावला आणि पालथा होऊन आत शिरला. खाली सलग काँक्रीटचा पाया, त्यावर लोखंडी टेकू, टेकूंवर लाकूड. पाणी साचलेलं नाही, काँक्रीटला रुंद तडा नाही. पण न्हाणीघराच्या बाजूला उष्णतारोधक फळ्यांतली एक निसटून लोंबत होती, आणि कोपऱ्यात सुतारांनी टाकलेला भुसा आणि कॉफीचा रिकामा डबा. जमिनीचा उतार त्याने लेसरने मोजला: मीटरला २ मिलिमीटर. तीनपर्यंत कुणी हरकत घेत नाही. सहाच्या वर गेला तर बांधकामातच दोष असण्याची शक्यता मोठी, असं सरकारी मार्गदर्शक सांगतं. फळी बसवून द्या, भुसा काढा, असं लेखी घेतलं. डब्याबद्दल बिल्डरच्या माणसाने वाकून वाकून माफी मागितली, फळीबद्दल त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

घरात काय नाही, ते पत्रकात नसतं. खिडक्यांना डासांच्या जाळ्या नाहीत. पडद्यांच्या दांड्या नाहीत. टीव्हीचा अँटेना नाही, खोल्यांत दिवे नाहीत, एसी नाहीत, कुंपण नाही. तयार विकल्या जाणाऱ्या स्वस्त घरांची ही रीतच आहे. बिल्डरच्या यादीतून घेतलं तर महाग, बाहेरून बसवलं तर बरंच स्वस्त. सिलिंडरच्या गॅसचा दर कंपनी स्वतः ठरवते आणि शहरी गॅसपेक्षा तो चढा असतो, तेव्हा दरपत्रक करारापूर्वी मागायचं. विजेची शेगडी बसवून घ्या म्हणून सुचवलं, पण पोळी फुगवायला ज्वाळ लागते, या मुद्द्यावर घरात एकमत होतं.

पैसा

करासहित ३ कोटी ८८ लाख, पण कर किती? जपानमध्ये १० टक्के उपभोग कर इमारतीवर लागतो, जमिनीवर लागत नाही. कराराच्या मसुद्यात कराची रक्कम वेगळी दिलेली: १६ लाख ५० हजार. म्हणजे इमारत १ कोटी ६५ लाख, करासह १ कोटी ८१ लाख ५० हजार. उरले २ कोटी ६ लाख ५० हजार, ती जमीन. त्सुबोला, म्हणजे ३.३ चौरस मीटरला, सुमारे ६ लाख १९ हजार. आता हा दर आजूबाजूच्या रिकाम्या भूखंडांच्या दराशी ताडून बघता येतो. पत्रकातला सगळ्यात उपयोगी आकडा हा, आणि तो पत्रकात नसतोच.

हे वेगळं काढायचं कारण पुढे आहे. लाकडी घराचं करासाठी धरलेलं आयुष्य २२ वर्षं. बाजारही साधारण तसाच वागतो: वीस-पंचवीस वर्षांनी इमारतीला किंमत उरत नाही, कधी उलट पाडण्याचा खर्च जमिनीच्या किमतीतून वजा होतो. कर्ज मात्र ३५ वर्षांचं. साडेतीन कोटी कर्ज, ०.७ टक्के बदलता दर, तर महिना सुमारे ९४ हजार येन. २२ वर्षांनी १ कोटी ४० लाखांच्या आसपास फेडायचे उरतात, आणि समोर असते ती २ कोटी साडेसहा लाखांची जमीन, तिचा भाव टिकला तर. म्हणजे हे प्रकरण तरतं ते जमिनीवर. क्रमांक ३ ला हाच हिशोब लावला तर श्वास अडकतो.

व्हिडिओ कॉलवर बाबांना हे सांगितलं. ते नाशिकला तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटचा आजचा भाव तोंडपाठ असलेले गृहस्थ.

"वीस वर्षांनी घर शून्य? मग घेताय कशाला रे?"

"बाबा, भाड्याचे पण शून्यच होतात ना. फक्त दर महिन्याला होतात."

उत्तर चलाख आहे, पण अपुरं. भाडेकरू पूर आल्यावर बॅग उचलून निघू शकतो, नोकरी बदलली तर शहर बदलू शकतो. देशात २०२३ च्या गणनेत ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. लोकसंख्या घटते आहे. चालत १७ मिनिटं हे अंतर तेव्हा आजच्यापेक्षा लांब वाटेल. माझ्या मते या व्यवहारातली खरी जोखीम भूकंपापेक्षा ही आहे.

व्याजदर दुसरी. बँक ऑफ जपानने २०२४ च्या मार्चमध्ये उणे व्याजदर संपवला, त्यानंतर दर वरच चाललेत. दर २ टक्के झाला असता तर हाच हप्ता पहिल्या दिवसापासून सुमारे १ लाख १६ हजार. बऱ्याच बँका हप्ता पाच वर्षं बदलत नाहीत आणि बदलला तरी सव्वापटीच्या वर नेत नाहीत, हे ऐकून लोक निश्चिंत होतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. मुद्दल कमी फिटतं आणि शेवटी साचलेलं अंगावर येतं. ३५ वर्षं स्थिर दराचं कर्जही मिळतं, महाग पडतं. जोडप्याने बदलता दर घेतला, कारण दोघं कमावतात आणि हप्ता आजच्या भाड्यापेक्षा ७६ हजारांनी कमी आहे. तो फरक वेगळा टाकायचा असं ठरलंय. टाकतील का, हे त्यांनाच माहीत.

सवलत एक चांगली आहे. वर्षअखेरच्या शिल्लक कर्जाच्या ०.७ टक्के रक्कम १३ वर्षं प्राप्तिकरातून वळती होते, मर्यादेत. २०२४ पासून त्यासाठी घर ऊर्जेचे निकष पाळतं याचा दाखला लागतो; २०२५ च्या एप्रिलपासून तर प्रत्येक नव्या घराला ते निकष सक्तीचेच झाले. इमारतीची घरपट्टी पहिली तीन वर्षं निम्मी असते, चौथ्या वर्षी बिल बघून माणूस नगरपालिकेला फोन करतो. २०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी जमिनीचं मूल्य करासाठी सहाव्या हिश्शावर धरतात, ही मात्र कायमची. दहा-पंधरा वर्षांनी बाहेरच्या भिंतींचे सांधे आणि रंग, गिझर, दर पाच वर्षांनी वाळवीचं औषध, यासाठी बाजूला काढायला हवं. फ्लॅटमध्ये सोसायटी जबरदस्तीने घेते, इथे कोणी मागत नाही.

सौदा

घर तयार होऊन सात महिने झाले होते. पूर्णत्वाच्या तपासणीच्या दाखल्यावर तारीख असते. जपानमध्ये 'नवीन' हा शब्द जाहिरातीत वापरायचा तर बांधकामाला एक वर्ष व्हायच्या आत आणि कुणी न राहिलेलं घर हवं. म्हणजे बिल्डरकडे पाच महिने उरले. त्यानंतर तेच घर, तीच चावी, पण 'नवीन' पुसावं लागणार. किंमत ४ कोटी ८ लाखांवरून दोन टप्प्यांत इथवर आली होती. आणखी २० लाख मागितले, ८ मिळाले. ३ कोटी ८० लाखांवर ठरलं.

दलालीचा मुद्दा पैशाने याहून मोठा निघाला. कमाल दलाली कर वगळून किमतीच्या ३ टक्के अधिक ६० हजार, त्यावर १० टक्के कर. मूळ किमतीवर ती १२ लाख ९२ हजारांच्या घरात जाते. तेच घर चार दलालांच्या पाटीवर होतं. बिल्डर स्वतः विकत असेल तर दलाली नाही. इथे तसं नव्हतं, पण बिल्डर आपल्या बाजूची दलाली देतोच, तेवढ्यावर समाधान मानून घेणाऱ्याकडून काही न घेणारा एक दलाल सापडला. पहिल्या दलालाने घर दाखवलं होतं, त्याला टाळणं बरं दिसत नाही, असं नवऱ्याला वाटत होतं. "त्याने दार उघडलं, तेरा लाखांचं दार आहे का ते?" असं बायको म्हणाली. मी बायकोच्या बाजूचा.

करारापूर्वी परवानाधारक अधिकाऱ्याने ओळखपत्र दाखवून सगळे मुद्दे वाचून दाखवायचे असतात, दीड-दोन तास. आदल्या दिवशी मसुदा मागून घेतला होता, म्हणून प्रश्न विचारता आले. इसार १९ लाख. घेणाऱ्याने मागे घेतलं तर इसार बुडतो, विकणाऱ्याने मागे घेतलं तर दुप्पट परत. पण समोरच्याने करारातलं आपलं काम सुरू केलं की ही मुभा संपते. कर्ज नामंजूर झालं तर इसार परत, हे कलम आहे ना आणि त्याची मुदत कुठल्या तारखेपर्यंत, हे बघितलं. परदेशी अर्जदाराला बँक एखादा कागद जास्त मागते, म्हणून मुदत आठवड्याने वाढवून घेतली. पायाभूत रचना आणि पाणीगळती यांची दहा वर्षांची हमी कायद्यानेच आहे, आणि बिल्डर बुडाला तरी ती कामी यावी म्हणून २००९ पासून विमा किंवा अनामत सक्तीची आहे. विमा कोणत्या संस्थेचा, तेवढं टिपून घेतलं.

शाळेचा तिढा शेवटपर्यंत राहिला. निशिकासाईची भारतीय शाळा चालू ठेवायची तर आठ वर्षांच्या मुलीला एकेका बाजूला तासाभराहून जास्त प्रवास. जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही, मुलं गटाने चालत जातात, पण तिची जपानी खेळण्यापुरती. पुढे भारतात परतायचं असेल तर काय? या प्रश्नाला घराच्या हिशोबात रकाना नव्हता, आणि तरी तोच सगळ्यात जड. जपानचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं. ताबा मार्चअखेर घ्यायचा आणि ती सरकारी शाळेत जायची, असं ठरलं; मराठी आणि गणित घरी.

ताबा कामाच्या दिवशी सकाळी, बँकेच्या शाखेत. नोंदणीचं काम करणारा कायदेतज्ज्ञ कागद तपासतो, मान हलवतो, मग बँक पैसे सोडते, बिल्डरचा माणूस चाव्यांची पेटी पुढे सरकवतो. तासाभरात आटोपतं. जाळ्या बसवणारा पुढच्या आठवड्यात येणार होता. गॅसवाल्याला मात्र त्याच दुपारी बोलावलं होतं, कारण गॅस सुरू करताना घरातलं कोणीतरी हजर लागतं.